घरचा फराळ विकायचाय? आधी एक कोरं लेबल घ्या

"अगं, घरगुतीच तर आहे, त्याला कसलं आलंय लायसन?" हे वाक्य मी स्वतः दोन दिवाळ्या म्हटलं. सोसायटीतल्या बायका, नवऱ्याच्या ऑफिसातले चारजण आणि मुलीच्या शाळेच्या ग्रुपवरच्या आया, एवढंच गिऱ्हाईक होतं. चकली, चिवडा, अनारसे करायचे, पिशवीला स्टेपलर मारायचा, झालं पॅकिंग. तिसऱ्या वर्षी, म्हणजे 2021 मध्ये, एका कंपनीतून शंभर बॉक्सची विचारणा आली आणि पुढच्याच ओळीत "तुमचा एफएसएसएआय नंबर आणि लेबलचा फोटो पाठवा" असं होतं. एफएसएसएआय म्हणजे देशाचं अन्न सुरक्षा प्राधिकरण, त्याच्याकडच्या नोंदणीचा हा नंबर. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. ऑर्डर गेली ती गेलीच.

मग वाचायला बसले, तर कळलं की 'घरगुती' ही कायद्यात पळवाट नाहीच. अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 चा, आणि त्याखालची नोंदणी-परवान्याची पद्धत 5 ऑगस्ट 2011 पासून लागू आहे. त्यातली 'अन्न व्यवसाय' या शब्दाची व्याख्या अशी, की तुम्ही नफा कमावता की नाही याला काही महत्त्व नाही. पदार्थ करून, भरून, साठवून किंवा विकून दुसऱ्याच्या ताटात जातोय ना? मग तुम्ही त्यात आलात. चार ताटं असोत नाहीतर चारशे.

या विषयावरचे बहुतेक लेख 'पायरी पहिली: नोंदणी करा' असं म्हणून सुरू होतात. मी उलटं सांगते. नोंदणी हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे, एका दुपारचं. आधी एक कोरा कागद घ्या आणि तुम्ही विकणार असलेल्या एका पदार्थाचं लेबल पूर्ण लिहायचा प्रयत्न करा. एकच पदार्थ, 250 ग्रॅमचं एकच पाकीट. प्रत्येक ओळीला कुठे अडता ते बघा. जिथे अडाल तिथे एक नियम उभा असतो, आणि तुम्हाला नक्की कोणते नियम लागू आहेत ते असंच कळतं. मी भाजणीची चकली घेते.

पहिली ओळ: नाव आणि घटक

नाव सोपं. 'भाजणी चकली'. 'सुगरण स्पेशल' वगैरे नाव द्यायचं तर द्या, पण आत काय आहे ते त्याखाली साध्या शब्दांत पाहिजेच.

घटक लिहायचे ते वजनाच्या उतरत्या क्रमाने. इथेच पहिली गंमत होते, कारण आपण मापं वाटीने घेतो आणि मीठ अंदाजाने. एकदा तरी सगळं वजनकाट्यावर ठेवून करावं लागतं. माझी यादी अशी निघाली: तांदूळ, हरभरा डाळ, शेंगदाणा तेल, उडीद डाळ, मूग डाळ, तीळ, तिखट, मीठ, धणे, जिरे, ओवा, हळद, हिंग. तेल तिसऱ्या नंबरावर येईल असं मला वाटलं नव्हतं. चकली तळण्याआधी आणि नंतर तेलाचं भांडं वजन केलं तेव्हा समजलं.

आता हिंगाची डबी उलटी करून वाचा. बाजारात मिळतो तो बहुतेक सगळा मिश्र हिंग असतो आणि त्यात डिंकाबरोबर गव्हाचं किंवा तांदळाचं पीठ असतं. म्हणजे ज्या भाजणीत गव्हाचा दाणा नाही त्या चकलीत गहू आला. ज्याला ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं प्रथिन, चालत नाही त्याच्यासाठी ही चिमूटभर गोष्ट फार मोठी आहे. लेबलिंगच्या 2020 च्या नियमांत ॲलर्जीकारक घटकांची यादीच दिली आहे: ग्लुटेनवाली धान्यं, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचवाले प्राणी, शेंगदाणे व सुकामेवा, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणापुढे सल्फाइट (पदार्थ टिकवायला घालतात ते रसायन). यातलं काही असेल तर 'यात अमुक आहे' असं वेगळं लिहायचं. पदार्थात नसेल, पण त्याच ओट्यावर, त्याच कढईत दुसऱ्या पदार्थासाठी वापरलं जात असेल, तर 'अंश असू शकतो' असं. घरच्या स्वयंपाकघरात एकच ओटा असतो, त्यामुळे ही दुसरी ओळ आपल्या जवळजवळ प्रत्येक पाकिटावर येते. लाजायचं कारण नाही. उलट ही ओळ बघून गिऱ्हाइकाचा विश्वास वाढतो असा माझा अनुभव आहे.

पोषणमूल्यांचा तक्ता ही यातली डोकेदुखी. 100 ग्रॅममागे ऊर्जा, प्रथिनं, कर्बोदकं, एकूण साखर व वरून घातलेली साखर, एकूण मेद, त्यातलं सॅच्युरेटेड व ट्रान्स फॅट आणि सोडियम. शिवाय एका वेळच्या खाण्यातून दिवसाच्या गरजेपैकी किती टक्के मिळतं, तेही. प्रयोगशाळेत तपासून घेणं उत्तम, पण पैसे लागतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये भारतीय पदार्थांच्या घटकांचे तक्ते काढले आहेत. घटकांची वजनं नीट लिहिली असतील तर आहारतज्ज्ञ असलेली एखादी मैत्रीण त्यावरून तासाभरात आकडे काढून देते. माझ्या मैत्रिणीने मोबदला म्हणून दोन किलो चकली घेतली.

भाषेचंही इथेच सांगून टाकते, कारण मला याचा राग आहे. सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत हवी. मराठी वरून जादा लिहू शकता, पण नुसत्या मराठी लेबलवर भागत नाही. महाराष्ट्रात, मराठी बाईने, मराठी गिऱ्हाइकाला विकलेल्या मेतकुटालासुद्धा! असो. मी एका बाजूला इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला मराठी छापते.

दुसरी ओळ: तो चौदा आकडी नंबर

इथे नोंदणी आली. फॉस्कॉस नावाचं सरकारी पोर्टल आहे, तिथे सगळं ऑनलाइन होतं. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासन बघतं, ज्याला आपण एफडीए म्हणतो.

लहान व्यवसायाला 'नोंदणी', मोठ्याला 'परवाना', असे दोन वेगळे प्रकार आहेत. 2011 च्या नियमांत लहान व्यवसायाची मर्यादा वर्षाला 12 लाख रुपयांची उलाढाल आणि दिवसाला 100 किलो किंवा लिटरपर्यंत उत्पादन अशी ठेवलेली होती, दुधासाठी वेगळी. मी नोंदणी केली तेव्हा फी वर्षाला 100 रुपये होती आणि एक ते पाच वर्षांची मुदत निवडता यायची. मी पाच वर्षांचे 500 रुपये भरले. मर्यादा, फी आणि मुदत अधूनमधून बदलतात, म्हणून अर्ज भरायच्या दिवशी पोर्टलवर जे दिसेल तेच खरं धरा, माझ्या किंवा शेजारणीच्या प्रमाणपत्रावरचं नको.

अर्जाचं नाव 'फॉर्म ए'. लागतं काय, तर फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा. घर भाड्याचं असेल तर भाडेकरार. सगळ्यात जास्त लोक अडतात ते व्यवसायाचा प्रकार निवडताना. डबे, पोळीभाजी, ऑर्डरचं जेवण करणार असाल तर अन्नसेवेखाली 'घरगुती कॅन्टीन किंवा डबेवाले' असा प्रकार आहे, तो घ्या. चकली, मसाले, लोणचं, पापड असं भरून विकायचं असेल तर तुम्ही 'उत्पादक' आहात, मग घर वन बीएचके का असेना. दोन्ही करत असाल तर दोन्ही निवडा. नंतर पदार्थांचे गट निवडायचे असतात. आज चकली विकताय, पण उन्हाळ्यात लोणचं घालणारच असाल, तर तेही आत्ताच टाका.

अर्ज मिळाल्यापासून सात दिवसांत अधिकाऱ्याने नोंदणी द्यायची, कारण लिहून नाकारायची किंवा जागा बघायला येतो म्हणून कळवायचं, असं नियमात आहे. तपासणी ठरली तर ती धरून तीस दिवस. पोर्टलवर काही शंका विचारली असेल तर लगेच उत्तर द्या. पुष्कळ अर्ज नुसते तिथे पडून राहतात, कारण अर्जदाराने परत लॉगइनच केलेलं नसतं.

नंबर आला की त्याच्याकडे जरा नीट बघा. पहिला आकडा 2 म्हणजे नोंदणी, 1 म्हणजे परवाना. पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचा 15. म्हणजे आपल्याकडच्या घरगुती नोंदणीचा नंबर 215 ने सुरू होतो. कुणाचाही नंबर पोर्टलवर टाकून तपासता येतो. "तात्पुरता माझा नंबर छाप, काय होतंय" असं मैत्रीण म्हणाली तरी छापू नका. नोंदणी माणसाची आणि त्या जागेची असते. घर बदललंत तरी पत्ता बदलून घ्यावा लागतो.

एजंटचं काय? माझ्या ओळखीत एकीने साडेतीन हजार दिले आणि वर व्यवसायाचा प्रकार 'किरकोळ विक्रेता' म्हणून चुकीचा भरून घेतला. फॉर्म दोन पानी आहे. फोनवर रेल्वेचं तिकीट काढता येत असेल तर हेही जमतं.

प्रमाणपत्र छापून स्वयंपाकघरात दिसेल असं लावायचं. आणि 1 जानेवारी 2022 पासून हा नंबर बिलावरही सक्तीचा झालाय, तेव्हा तुमचं बिलबुक हाताने लिहायचं असलं तरी एक रबरी शिक्का करून घ्या.

तिसरी ओळ: पत्ता, म्हणजे तुमचं स्वयंपाकघर

लेबलवर घराचा पूर्ण पत्ता छापायचा म्हटलं की बायका कचरतात. समजू शकते. पण नुसता मोबाइल नंबर चालत नाही. ज्यांना हे नको वाटतं त्यांनी सरळ माहेरची किंवा सासरची रिकामी खोली व्यवसायासाठी केली, अशी उदाहरणं मी बघितली आहेत. मात्र नोंदणीही त्याच जागेची हवी.

पत्ता छापला की तीन मंडळी जागी होतात: सोसायटी, गॅसवाला आणि वीज मंडळ.

सोसायटीच्या उपविधींत राहत्या घराचा वापर बदलण्याबद्दल कलमं असतात. घरच्या ओट्यावर दोन किलो चकली केली म्हणून कुणी नोटीस काढत नाही. लिफ्टसमोर तेलाचे डबे, जिन्यात तळणाचा वास आणि रात्री दहाला डिलिव्हरीवाले सुरू झाले, की काढतात. मी आधीच चेअरमन काकांना सांगून, सेक्रेटरींना एक साधं पत्र देऊन ठेवलं. पहिल्या दिवाळीत सगळ्या मजल्यांवर एकेक पाकीट दिलं, ते वेगळंच.

गॅसबाबत मात्र काकुळतीला येऊन सांगितलं तरी कुणी ऐकत नाही. घरचा 14.2 किलोचा सिलेंडर धंद्याला वापरणं नियमाविरुद्ध आहे. व्यवसायाला 19 किलोचा व्यावसायिक सिलेंडर घ्यायचा. महाग पडतो, म्हणून भाव ठरवताना तोच धरा, नाहीतर पुढे नफा कुठे गेला ते शोधत बसाल. विजेबाबत जरा दिलासा आहे. महावितरणच्या मागच्या काही दरआदेशांत, घराच्या काही भागात व्यवसाय करणाऱ्यांना महिन्याला 300 आणि वर्षाला 3600 युनिटपर्यंत घरगुती दराचीच मुभा होती. मोठा ओव्हन आणि डीप फ्रीजर घेणाऱ्या बेकरीवाल्यांनी चालू दरपत्रक एकदा बघावं.

आता मुख्य गोष्ट, स्वच्छता. नियमांच्या परिशिष्ट 4 मध्ये याची मोठी यादी आहे. त्यातलं घरच्या स्वयंपाकघरात अवघड काय जातं ते सांगते, बाकी तुम्ही करतच असता.

पाणी पिण्यायोग्य हवं. टाकीचं पाणी वापरत असाल तर टाकी शेवटची कधी धुतली ते विचारून ठेवा. विक्रीचा कच्चा माल घरच्या वाणसामानात मिसळू देऊ नका. मी एक कपाट वेगळं केलं आणि त्यावर चिकटपट्टीने 'धंदा' असं लिहिलं. मुलगा त्यातले शेंगदाणे खायला लागला तेव्हा कुलूप लावलं. ओट्याजवळ मांजर नको. कचऱ्याचा डबा झाकणाचा. केस बांधून वर कपडा किंवा टोपी, नखं कापलेली, अंगठ्या-बांगड्या काढलेल्या. हिरव्या बांगड्या काढायला सासूबाई नाही म्हणाल्या, मग मी हात घालायचं काम त्यांच्याकडून काढून पाकिटं मोजायचं काम त्यांना दिलं. ताप, जुलाब, कावीळ, हाताला जखम असेल तर त्या दिवशी खाद्यपदार्थाला हात लावायचा नाही, मग ऑर्डर बुडाली तरी. मदतीला येणाऱ्या ताईंनाही हेच लागू, आणि त्यांची व स्वतःची वर्षातून एकदा डॉक्टरकडून तपासणी करून कागद ठेवावा.

तळणाच्या तेलाचंही सांगायला हवं. तेल पुन्हापुन्हा तापलं की त्यात ध्रुवीय संयुगं (तेल बिघडताना तयार होणारे घटक) वाढतात आणि 1 जुलै 2018 पासून त्याची मर्यादा 25 टक्के आहे. घरी हे मोजायचं यंत्र नसतं. मी दोन घाण्यांपुढे, फेस यायला लागला, रंग गडद झाला किंवा नेहमीपेक्षा लवकर धूर निघाला, की ते तेल बाद करते. जुन्या तेलात नवं ओतून 'वाढवायचं' नाही. चकलीच्या भावात हे तेल धरलेलं हवं.

चौथी ओळ: वजन आणि किंमत

अन्नाचा कायदा इथे संपतो आणि वैधमापन शास्त्राचा, म्हणजे वजनमापांचा, सुरू होतो. तो विभाग वेगळा, नियम वेगळे. आधीच भरून ठेवलेल्या पाकिटांसाठीचे नियम 2011 चे आहेत. पाकिटावर निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, तयार केल्याची तारीख, तुमचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोन किंवा ईमेल लागतो. शिवाय एका ग्रॅमची किंमत. 250 ग्रॅमची चकली 150 रुपयांना असेल तर '0.60 रुपये प्रति ग्रॅम' असं लिहायचं. एक किलोपेक्षा मोठ्या पाकिटाला प्रति किलो.

पाकिटं भरून विकणाऱ्याने सुरुवात केल्यापासून 90 दिवसांत पॅकर म्हणून वैधमापनकडेही नोंद करायची असते. हे घरगुती व्यवसायवाल्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतं.

आणि काटा! ऑनलाइन मागवलेला स्वयंपाकघरातला छोटा काटा विक्रीसाठी चालत नाही. शिक्का मारलेला, पडताळणी केलेला इलेक्ट्रॉनिक काटा लागतो आणि त्याची पडताळणी दर वर्षी करावी लागते. काटा विकणारा परवानाधारक दुकानदारच ती व्यवस्था सांगतो. भरताना रिकाम्या पिशवीचं वजन आधी काढून टाका. मी 250 लिहिते आणि 253 भरते. चकलीचा एखादा तुकडा कमी पडण्यापेक्षा जास्त गेलेला बरा.

पाचवी ओळ: तारीख आणि बॅच

ही ओळ मी ठेच लागून शिकले.

दिवाळी 2022. चिवड्याची साठ पाकिटं गेली. सहाव्या दिवशी एकीचा मेसेज आला, "ताई, चिवडा जरा खवट लागतोय." पोटात गोळाच आला. मी तीन वेळा चिवडा केला होता आणि शेंगदाणे दोन दुकानांतून आणले होते, कारण पहिल्याकडचे संपले. खवट कोणता? एकाही पाकिटावर खूण नव्हती, सगळ्यांवर एकच महिना छापलेला. साठही जणांना फोन करावे लागले, वीसेक जणांनी पाकिटं परत दिली, उरलेल्यांचं खाऊन झालं होतं. खराब निघाली ती एकाच खेपेची, बाकीचा चिवडा ठणठणीत होता. पैसे मात्र मी सगळ्यांचे परत केले.

तेव्हापासून माझ्याकडे एक दोनशेपानी वही आहे. प्रत्येक घाण्याला नंबर. 'चि 1810-2' म्हणजे चिवडा, 18 ऑक्टोबर, दुसरा घाणा. समोर शेंगदाणे, डाळं, तेल कुठल्या दुकानातून कुठल्या बिलाने आलं ते, कोण कामाला होतं ते, किती पाकिटं झाली आणि कुणाकडे गेली ते. तोच नंबर पाकिटावर. बॅच नंबर लेबलवर सक्तीचाच आहे, मी आधी तो फक्त मोठ्या कारखान्यांचा प्रकार समजत होते. प्रत्येक बॅचचं एक पाकीट मी डब्यात ठेवूनही देते, शेवटच्या तारखेपर्यंत.

तारखेबद्दल दोन गोष्टी. तयार केल्याची तारीख आणि 'या तारखेपर्यंत वापरा' या दोन्ही छापाव्या लागतात. 'या तारखेपूर्वी उत्तम' ही जादाची माहिती झाली, नुसतं तेवढं लिहून चालत नाही. पदार्थ तीन महिन्यांच्या आतच टिकणारा असेल तर दिवस-महिना-वर्ष असं पूर्ण लिहायचं.

पण किती दिवस टिकतो हे ठरवायचं कसं? "आमच्याकडे दोन महिने राहते" हे उत्तर नव्हे. तुमच्याकडे ती स्टीलच्या डब्यात राहते, गिऱ्हाइकाकडे उघडलेल्या पिशवीत. विकणार त्याच पिशवीत दहा पाकिटं भरा, कपाटात ठेवा आणि दर पाच दिवसांनी एक फोडा. वास, कुरकुरीतपणा, चव लिहून ठेवा. पावसाळ्यात पुन्हा करा. माझी चकली 40 व्या दिवशी मऊ पडली. मी 25 दिवस छापते. दुकानात माल ठेवायला देणार असाल तर त्याआधी एकदा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासणी करून घ्याच.

पुरणपोळी, उकडीचे मोदक, खरवस, पनीरचे पदार्थ यांचं गणित वेगळं. 5 ते 60 अंश तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणजे पदार्थ एकतर गरम तरी हवा नाहीतर फ्रीजमधला. वाफाळते मोदक लगेच प्लास्टिकच्या डब्यात बंद केले की झाकणाला पाणी सुटतं आणि संध्याकाळपर्यंत कळी चिकट होते. 'आजच खा' हे ठळक लिहा आणि सकाळी केलेले मोदक रात्रीच्या आरतीला द्यायचा मोह आवरा.

लोणचेवाल्यांना एक आनंदाची बातमी. आजी बरणीत बोटभर तेल वर राहू द्यायची, ते आता मानकातही आहे. तेलातल्या लोणच्यावर निदान अर्धा सेंटिमीटर तेलाचा थर हवा किंवा लोणच्यात तेल 10 टक्क्यांहून कमी नको.

सहावी ओळ: तो ठिपका

शाकाहारीला हिरव्या चौकोनात हिरवं वर्तुळ. मांसाहारीला तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण. पूर्वी तिथेही वर्तुळच होतं, म्हणून जुनी चित्रं इंटरनेटवरून उचलू नका. केक करणाऱ्यांनी विशेष लक्ष द्या: कायद्याच्या व्याख्येत अंडं मांसाहारात येतं. 'अंडं घातलंय, पण शाकाहारीच की' म्हणून हिरवा ठिपका लावलेले केक मी सर्रास बघते. दूध, तूप, मध मात्र शाकाहारीच.

लेबलवर काय लिहायचं नाही, तेही इथेच. 'मधुमेह बरा होतो', 'सांधेदुखीवर रामबाण डिंकलाडू' असलं काही नाही. आजार बरा करण्याचा दावा अन्नपदार्थावर करताच येत नाही. 'सेंद्रिय' शब्दाला वेगळे नियम आणि प्रमाणपत्रं आहेत. चुकीच्या लेबलला तीन लाखांपर्यंत आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंडाची तरतूद कायद्यात आहे. व्हॉट्सॲपवरची पोस्ट हीसुद्धा जाहिरातच.

पॅकिंगला वर्तमानपत्र बंद. शाईतली रसायनं तेलकट पदार्थात उतरतात, म्हणून पॅकेजिंगच्या 2018 च्या नियमांत त्याला स्पष्ट मनाई आहे. तळलेलं टिपायलाही वर्तमानपत्र नको, टिश्यू घ्या. पिशव्या अन्नासाठीच्या प्रतीच्या मागा आणि बिल ठेवा.

ज्यांना लेबलच नाही त्यांचं काय?

डबे आणि घरगुती खाणावळ. मुंबईच्या गिरणगावात शेकडो बायकांनी खाणावळी चालवून घरं उभी केली. त्यांच्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते यासाठी, की त्यांना सावकाराकडे न जाता बँकेचं कर्ज मिळावं. आजचा डबेवाला व्यवसाय त्याच वळणाचा आहे. रोजच्या गरम डब्याला पाकिटासारखं लेबल लागत नाही, पण नोंदणी, बिलावर नंबर आणि स्वच्छतेचे सगळे नियम तेच. डबा किती वाजता भरला आणि किती वाजता पोचला हे लिहून ठेवायची सवय लावा. उन्हाळ्यात दही-कोशिंबीर डब्यात देणं मी टाळते.

ॲपवरून जेवण विकायचं तर ॲपवाले नोंदणी नंबराशिवाय घेतच नाहीत.

बाकीचे कागद, थोडक्यात

उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट आहे. पैसे मागणारी वेबसाइट दिसली की बंद करा. दहापेक्षा कमी कामगार असतील तर दुकाने व आस्थापनांच्या 2017 च्या कायद्याखाली नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते. बँकेत चालू खातं उघडताना या दोन्हीपैकी एक मागतात.

जीएसटी: महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात फक्त वस्तू विकत असाल तर वर्षाला 40 लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. डबे आणि जेवण ही सेवा धरली जाते, तिथे 20 लाख. पण खाचखळगा पुढे आहे. राज्याबाहेर माल विकलात, तर उलाढाल कितीही असली तरी जीएसटी नोंदणी लागते. म्हणजे पुण्यातून बंगळूरला कुरिअरने पाठवलेली पाच किलो शंकरपाळी. परराज्यातल्या ऑर्डरी घेण्याआधी एखाद्या सीएशी अर्धा तास बसा.

परदेशातल्या मैत्रिणींनाही हे सगळं चुकत नाही, फक्त दार वेगळं. ब्रिटनमध्ये घरून खाद्यपदार्थ विकायला सुरुवात करण्याच्या 28 दिवस आधी स्थानिक कौन्सिलकडे नोंद करायची असते आणि ती फुकट आहे. कॅलिफोर्नियात 2013 पासून घरगुती पदार्थांसाठी वेगळा कायदा आहे, पण तो टिकाऊ पदार्थांपुरता. रसमलाई त्यात बसत नाही.

अधिकारी दारात आले तर

घाबरून दार लावू नका. ओळखपत्र बघा, आत घ्या. त्यांना नमुना घ्यायचा असेल तर त्याचे पैसे त्यांनी बाजारभावाने तुम्हाला द्यायचे असतात. नमुन्याचे चार भाग होतात. एक विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे (त्या भागाच्या अन्न सुरक्षेच्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे) राहतात. चौथा भाग मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेत पाठवायची मागणी तुम्ही त्याच वेळी करू शकता. ती करा, आणि लेखी करा. अहवाल विरोधात गेला तर तीस दिवसांत अपील करता येतं. अशा वेळी ती दोनशेपानी वही पुढे ठेवली की बोलणं एकदम वेगळ्या सुरात होतं.

तर आता तो कोरा कागद. माझ्या चकलीच्या पाकिटावर मागच्या बाजूला जे छापलेलं असतं ते हे, तुमच्या पदार्थाप्रमाणे बदलून घ्या:

भाजणी चकली. हिरवा ठिपका.
घटक: तांदूळ, हरभरा डाळ, शेंगदाणा तेल, उडीद डाळ, मूग डाळ, तीळ, तिखट, मीठ, धणे, जिरे, ओवा, हळद, मिश्र हिंग.
यात गहू (ग्लुटेन) आहे. शेंगदाणे, काजू आणि दुधाचा अंश असू शकतो.
पोषणमूल्यं, 100 ग्रॅममागे: तक्ता.
निव्वळ वजन: 250 ग्रॅम.
किंमत: 150 रुपये, सर्व करांसह. 0.60 रुपये प्रति ग्रॅम.
बॅच: च 1810-1. तयार केल्याची तारीख, या तारखेपर्यंत वापरा.
कोरड्या जागी, हवाबंद डब्यात ठेवा.
उत्पादक: नाव, पूर्ण पत्ता, पिनकोड. तक्रारीसाठी फोन व ईमेल.
एफएसएसएआयचं बोधचिन्ह आणि 215 ने सुरू होणारा नंबर.

छापायला टाकण्याआधी शेजारच्या, चष्मा लावणाऱ्या आजोबांना वाचायला द्या. मी दिलं होतं. त्यांनी तारीख शोधायला पाकीट तीनदा फिरवलं, म्हणून ती आता वजनाच्या शेजारी, ठळक अक्षरांत आहे.